पाहिजे: आदर्श घरमालक

छोट्या ठेकेदाराची वेबसाईट उघडली की सगळ्यांत आधी दुबई दिसते. ठेकेदार सौंदडचा असो, साकोलीचा असो की पार गडचिरोलीचा, पहिल्या पानावर काचेच्या गगनचुंबी इमारती, त्यांच्यापुढे पिवळं हेल्मेट घातलेला गोरापान इंजिनिअर आणि त्याच्या काखेत गुंडाळलेला नकाशा. हा इंजिनिअर मोठा कष्टाळू दिसतो. सोलर पंपाच्या जाहिरातीत तोच, नोकरी लावून देणाऱ्या क्लासच्या बॅनरवर तोच, सिमेंटच्या कॅलेंडरवरही तोच. सौंदडात बांधकामावर कुणी हेल्मेट घालून उभा राहिला, तर लोक त्याला विचारतील, ‘गाडी कुठं लावली जी?’

गोंदिया जिल्ह्यातल्या आमच्या सौंदडावरून तसा सगळा देश जातो. पूर्वी सहा नंबरचा आणि आता त्रेपन्न नंबरचा म्हणवणारा महामार्ग गुजरातेतल्या हजिऱ्याहून निघून ओडिशातल्या पारादीपपर्यंत धावतो, तो आमच्या दारावरून. गोंदिया–बल्लारशा मार्गावरचं स्टेशनही आहे. पण एवढ्या ट्रकांतून आणि डब्यांतून सौंदडात घर बांधायला म्हणून कुणी उतरल्याचं ऐकिवात नाही. घरं बांधायची ती गावच्याच माणसांनी, आणि गावच्या माणसाला ठेकेदार शोधावा लागत नाही. कुणी कुणाचा स्लॅब टाकला, कुणाचा गळतो आणि स्लॅबच्या दिवशी मजुरांना मटण कुणी घातलं आणि कुणी नुसत्या आलूपोह्यांवर भागवलं, हे सगळं गावाला तोंडपाठ असतं.

मग वेबसाईट कशाला? तर गावची पोरं आता पुण्यात आणि हैदराबादेत आहेत. घर आईबापांसाठी सौंदडात, पैसे हिंजवडीत. पोरगा रात्री अकराला मोबाईलवर ‘कॉन्ट्रॅक्टर इन सौंदड’ असं टाकतो. इंग्रजीत गावाचं नाव कुणी ‘एसएयू’ने लिहितात, कुणी ‘एसओयू’ने. दुसऱ्या प्रकाराने शोधणाऱ्याला कधीकधी डीजेवाले सापडतात. आमच्या ठेकेदार भाऊंनाही एकदा वरातीसाठी फोन आला होता. ‘चार टॉप, चार बेस पायजे.’ भाऊंना ते कॉलमचं काहीतरी वाटलं आणि त्यांनी रेट सांगून टाकला.

भाऊंची पहिली वेबसाईट भाच्याने केली होती. नागपूरला तीन वर्षं राहून आल्यामुळे त्याला ते येतं असं घरात ठरलेलं होतं. कामही त्याने मनापासून केलं. फोटो आपोआप सरकायचे, आणि अर्धं वाक्य वाचून होईतो दुसरी दुबई यायची. एकेक फोटो एवढा जड, की गावातल्या नेटवर पान उघडायला जेवढा वेळ लागायचा तेवढ्या वेळात एका गोणीचा माल कालवून व्हायचा. फोन नंबर सगळ्यांत खाली, राखाडी पाटीवर राखाडी अक्षरांत. ‘आमचे समाधानी ग्राहक’ या मथळ्याखाली एक सोनेरी केसांची बाई हसत होती आणि तिच्याखाली लिहिलं होतं, ‘गृहिणी, सौंदड’. गावातल्या गृहिणींनी ती बाई कोण याची बरीच चौकशी केली. भाऊंच्या घरी त्यावरून दोन दिवस स्वयंपाक गप्पपणे झाला.

संपर्कासाठी फॉर्म होता. इकडे फॉर्म म्हटलं की माणूस आधी सेतू केंद्राकडे बघतो. एकाने तर भाऊंना गाठून विचारलं, ‘याले सातबारा जोडावा लागते का आधार चालते?’ त्यामुळे गावातून फॉर्म कुणी भरला नाही. पण फॉर्म रिकामाही राहिला नाही. पहिला निरोप आला तो ‘आम्ही तुमची वेबसाईट गुगलच्या पहिल्या पानावर आणून देतो’ असा, इंग्रजीत. दुसराही तोच, फक्त कंपनी वेगळी. भाऊ महिनाभर खूश होते. त्यांना वाटलं, बाहेरगावचं गिऱ्हाईक चालून आलं.

आणि ‘आमच्याविषयी’ या पानावर लॅटिन होतं. वेबसाईटच्या तयार साच्यात मजकुराच्या जागी ‘लोरेम इप्सम’ नावाचा एक उतारा भरलेला असतो. तो काढून आपलं लिहायचं असतं. भाच्याने तो तसाच ठेवला, कारण इंग्रजी छान वाटत होतं. गावात ज्यांनी वाचलं त्यांनी ‘अटी आणि शर्ती असतील’ म्हणून सोडून दिलं.

गंमत अशी की हा उतारा बांधकामाच्या पानावर अगदीच परका नाही. तो निघाला आहे सिसेरो या रोमन वक्त्याच्या इसवी सनापूर्वी ४५ सालच्या, सुखदुःखाची चर्चा करणाऱ्या ग्रंथातून. शब्द मधेच कापलेले, वाक्यं मोडलेली, म्हणून अर्थ लागत नाही. पण हा सिसेरो बांधकामाच्या बाबतीत आपल्यातलाच माणूस. त्याचा धाकटा भाऊ क्विंटस सीझरच्या सैन्याबरोबर गॉल आणि ब्रिटनच्या मोहिमेवर गेलेला, आणि इकडे इटलीत त्याच्या घरांची कामं सुरू. देखरेख सिसेरोकडे. इसवी सनापूर्वी ५४ साली त्याने भावाला लिहिलेलं पत्र आजही वाचायला मिळतं. डिफिलस नावाच्या ठेकेदाराने खांब ना सरळ उभे केलेत, ना एका रेषेत. आता ते पाडावे लागणार. ओळंबा आणि दोरी वापरायला तो कधीतरी शिकेलच, असं सिसेरो कळवतो. वर हा ठेकेदार किती संथ आहे त्यावर टोमणाही मारतो. दोन हजारांवर वर्षं झाली, पण पत्ता बदलला तर हे पत्र हैदराबादच्या पोराला सौंदडहून त्याच्या मोठ्या भावाने पाठवलं म्हणून खपेल. म्हणजे जगभरच्या ठेकेदारांच्या पानावर नकळत ज्याचा मजकूर छापला जातो, तो माणूस ठेकेदारावर चिडलेला घरमालकाचा भाऊ होता. मी हे भाऊंना सांगितलं. त्यांनी विचारलं, ‘मंग त्या डिफिलसचं बिल काढलं का त्यानं?’

ते मात्र मला सांगता आलं नाही.

वेबसाईट नव्याने करायचं ठरलं तेव्हा मजकूर लिहायला मला बसवलं. भाच्याने तोवर कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं होतं की आधी आपला ‘आयडियल क्लायंट’ ठरवायचा. त्याचं वय, त्याची कमाई, त्याचे छंद, त्याची स्वप्नं. तो वही घेऊन बसला. भाऊंनी डोळे मिटले आणि म्हणाले, ‘जो पैसे पाठवते अन् स्वतः येत नाही.’

‘छंद?’

‘छंद नाही पायजे. छंदवाला मानूस बांधकामात लय बोट घालते.’

हसण्यावारी नेलं तरी भाऊंचं दुखणं खरं होतं. त्यांच्याकडे कामांची कमतरता नव्हतीच. उलट गावात आणि आसपास त्यांची निम्मी झालेली जोती जागोजागी पडून होती, आणि ती तशी पडण्याचं कारण एकच, भाऊंना कुणाला नाही म्हणता येत नाही. शहरातला ठेकेदार ‘जमणार नाही’ म्हणतो आणि फोन ठेवतो. सौंदडात ज्याला नाही म्हटलं तो संध्याकाळी बाजारात भेटतो, उद्या मयतीत शेजारी उभा असतो आणि परवा कळतं की त्याची बायको आपल्या सासुरवाडीकडून मावशी लागते. म्हणून भाऊ ‘पाहू न जी’ म्हणतात, आणि समोरचा दुसऱ्याच दिवशी पाया खोदायला घेतो.

मग गिऱ्हाईकं कशी कशी येतात! एकाला नुसता अंदाज पाहिजे असतो. तो अंदाज घेऊन तो दुसऱ्या ठेकेदाराकडे जातो आणि तिथे त्याला हजार रुपये कमी करायला लावतो. एकाचा मेहुणा पॉलिटेक्निकला होता, तो दर रविवारी येऊन सळाखा मोजतो. कॉलम उभे झाल्यावर एकाच्या घरी वास्तूवाला येतो आणि संडास उगवतीकडून मावळतीकडे न्यायला सांगतो, पाईप गाडून झालेले असताना. आणि ‘बस एक छोटासा ओटा काढून द्या, त्याचे काय पैसे घेता’ असं म्हणणारे तर सगळेच. त्या छोट्याशा ओट्यावर पुढे दहा माणसं बसून भाऊंच्या कामाला नावं ठेवतात.

घरकुलाचं वेगळंच. प्रधानमंत्री आवास योजनेत घर किमान २५ चौरस मीटरचं, आणि अनुदान सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगराळ आणि नक्षलग्रस्त जिल्ह्यांत १ लाख ३० हजार. हप्ते टप्प्यांवर, टप्प्याचा फोटो जागेच्या अक्षांश-रेखांशासकट. भाऊ म्हणतात, हिशेबाला एवढं नेटकं गिऱ्हाईक दुसरं नाही. फक्त हप्ता पडतो तो लाभार्थ्याच्या खात्यात, आणि तिथून तो कधी खताच्या दुकानात जातो, कधी पोरीच्या लग्नात. आणि त्या २५ चौरस मीटरमध्ये मालकाला हॉल, किचन, दोन खोल्या आणि पुढे ओसरी पाहिजे असते. शिवाय ‘वर बांधता येईल असं करा’. म्हणून आमच्याकडे निम्म्या छतांवर सळाखा वर निघालेल्या दिसतात. त्यांवर टॉवेल वाळतात, डिशची तार बांधतात, पण मजला काही चढत नाही.

तर माझं म्हणणं असं पडलं की जे तोंडाने म्हणवत नाही ते वेबसाईटला म्हणू द्या. ती कुणाच्या मयतीला जात नाही आणि तिची कुणी मावशी नाही. म्हणून दुबईच्या जागी एक पान करायचं ठरलं: ‘आम्ही काय करत नाही’.

भाऊ हबकले. ‘असं लिवलं तं लोक काय म्हनतील?’

‘म्हणू देत. तुम्ही सांगायचं, भाच्यानं लिहिलं.’

हा उपाय त्यांना एकदम पटला. मग मात्र त्यांची गाडी अशी सुटली की मला लिहवेना. शेजाऱ्याच्या हद्दीत छज्जा काढत नाही. धुऱ्याचं भांडण सुरू असलेल्या जागेवर पाया घेत नाही. नकाशा ठरल्यावर संडास हलवत नाही. रेती कुठून आणली हे विचारू नका असं म्हणणाऱ्याची रेती वापरत नाही. मेहुण्याशी बोलत नाही. यातलं शेवटचं मी ‘सूचना घरमालकाकडूनच घेतल्या जातील’ असं सौम्य केलं.

अडलं ते एका वाक्यावर. ‘चुकारा आल्यावर देतो या बोलीवर काम घेत नाही’ असं भाऊंनी तावातावाने सांगितलं आणि मग स्वतःच गप्प झाले. आमचा मुलूख धानाचा. आधारभूत केंद्रावर धान मोजून दिला की चुकारा यायचा, बोनसची घोषणा झाली तर तो यायचा, आणि त्यावर बियाणं, दवाखाना, शाळेची फी आणि ठेकेदार असे सगळे नजर लावून बसलेले. चुकाऱ्याला नाही म्हटलं तर गाव हातचं जाणार. खुद्द भाऊंच्या सख्ख्या भावाचं घर त्याच बोलीवर उभं होतं आणि स्लॅब अजून बिनपैशाचा होता.

इथे भाऊंमधला खरा ठेकेदार जागा झाला. त्यांनी वहीत धानाच्याच हिशेबाने हप्ते पाडले. खरिपाचा चुकारा झाला की पाया आणि जोतं. भिंती घरात असलेल्या पैशांवर जमेल तशा. ज्याचा उन्हाळी धान आहे त्याचा स्लॅब त्या चुकाऱ्यावर. ज्याचा नाही, त्याने पुढच्या दिवाळीपर्यंत थांबायचं आणि जोत्यावर तनस रचून ठेवायची, जोतं बिघडत नाही. हे सगळं जसंच्या तसं पानावर घातलं. मी कितीतरी शहरी कंपन्यांच्या पेमेंटच्या तक्त्यांवरून नजर फिरवली आहे, त्यांत एवढं शहाणपण मला कुठे आढळलं नाही.

त्याच झपाट्यात कामाचं कॅलेंडरही लिहून टाकलं. रोवण्याच्या दिवसांत रेजा आणि बिगारी मिळणार नाहीत, सगळी माणसं बांध्यांत असतात. धान कापणीत मिळणार नाहीत. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, मिस्त्री रात्रभर झाडीपट्टीचं नाटक पाहतात, म्हणून दुसऱ्या दिवशी काम दुपारून सुरू होईल आणि त्या दिवशी ओळंबा भाऊ स्वतः धरतील. लग्नसराईत तिथी बघून. भाच्याने सगळं टाईप केलं आणि हळूच विचारलं, ‘मामा, मंग आपन काम कवा करतो?’

फोटोंवर मात्र भाचा हटून बसला. भाऊंनी बांधलेल्या घरांचे जे फोटो मोबाईलमध्ये होते, त्यांत समोर धान वाळत घातलेला, ओट्यावर आजीबाई, कठड्यावर रजई, कोपऱ्यात बैल. त्याला हे सगळं पुसून मोकळी घरं दाखवायची होती. मी म्हटलं, बैल राहू दे. पुण्याच्या पोराला आपल्या अंगणात बैल मावतो की नाही हे फोटोतच दिसलं पाहिजे.

आणि एक फोटो होता, जो त्यांनी दाखवायचा म्हणून काढलाच नव्हता. स्लॅब टाकण्याच्या आदल्या संध्याकाळचा. सेंट्रिंगच्या फळ्यांवर सळाखांची जाळी, प्रत्येक सांध्याला तारेचा पीळ, जाळीखाली मोजून ठेवलेले छोटे सिमेंटचे ठोकळे, म्हणजे कव्हर ब्लॉक. ते नसले की सळाख फळीला टेकते, स्लॅबच्या खालच्या अंगाला उघडी पडते, दमट हवेत गंजते, गंजली की फुगते, आणि काही वर्षांनी घरमालकाच्या ताटात प्लास्टर पडतं. भारतीय मानकात स्लॅबला साधारण २० मिलीमीटर कव्हर सांगितलं आहे, कॉलमला ४०. दुसऱ्या दिवशी वरून काँक्रीट पडलं की हे सगळं कायमचं झाकलं जातं. रंग दिसतो, टाईल दिसते, खिडकीची काच दिसते, पण घर ज्यावर उभं ते कुणीच बघत नाही, म्हणून त्याचा फोटोही कुणी काढत नाही. भाऊंनी तो काढला होता, कारण ठोकळे ठेवणाऱ्या पोराला दाखवायचं होतं की कुठे विसरला. त्या फोटोत एका कोपऱ्यात खरंच ठोकळा नाही. तोच फोटो पहिल्या पानावर घातला, आणि खाली लिहिलं: ‘वरच्या कोपऱ्यात एक राहिला होता. लावला, मग स्लॅब टाकला.’

कामाच्या नमुन्यांचं बोलायचं तर आमच्या जिल्ह्याला कमी नाही. नवेगावबांधचा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात, आणि तो अजून पाणी धरून आहे. त्यांच्या मागे तर वेबसाईटही नव्हती. पण त्यांना ‘पर स्क्वेअर फूट किती घ्याल’ असंही कुणी विचारलं नसेल.

त्या प्रश्नाचं उत्तरही पानावर टाकावं लागलं. भाव नव्हे, तर भावात काय मोजतो ते. बहुतेक भांडणं टेपवरून होतात. छज्जा मोजायचा का, जिन्याची खोली पूर्ण धरायची का, बाल्कनी अर्धी की सगळी. मालक टेप भिंतीच्या आतून धरतो, ठेकेदार स्लॅबच्या बाहेरच्या कडेने, आणि दोघांच्या मध्ये एक खोलीभर पैसे असतात. भाऊंनी तिथेही लिहायला लावलं: छज्जा निम्मा, जिना एकदाच, टेप दोघांनी मिळून धरायची, प्रत्येक रकमेची पावती.

नवी वेबसाईट सुरू झाली आणि फोन कमी झाले. भाऊ कासावीस. भाच्याचं म्हणणं, हेच तर पाहिजे होतं. गावात चर्चा अशी की ठेकेदार माजला. वास्तूवाल्याने भाऊंशी बोलणं टाकलं. मेहुणे मात्र येतच राहिले, कारण मेहुणे वेबसाईट वाचत नाहीत.

आणि मग साकोलीकडून एक बाई आल्या. शाळेतून निवृत्त, घर सौंदडात बांधायचं, जागा स्वतःच्या नावाची, धुऱ्याचं भांडण नाही. हातात वेबसाईटच्या पानांची प्रिंट, काही ओळींखाली लाल पेनाने रेघा. पहिलाच प्रश्न, ‘तुमचे कव्हर ब्लॉक तुम्ही स्वतः पाडता की विकत आणता?’ भाऊंनी आयुष्यात पहिल्यांदा खुर्ची पुसून दिली. बाईंनी नकाशा आणला होता आणि संडास हलवणार नाही असं स्वतःहून सांगितलं. ओटा नकाशातच होता, पैशांसकट. रोवण्यात काम बंद राहील हे त्यांना मान्य होतं, पण मंडईचे दिवस त्यांनी मोजून लिहून घेतले. स्लॅबवर सात दिवस पाणी कोण मारणार, असंही विचारलं. भाऊंनी बिगाऱ्याचं नाव सांगितलं. ‘तो मंडईला गेला तर?’ यावर भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

मग बाईंनी पिशवीतून जोत्याच्या हप्त्याचा चेक काढून टेबलावर ठेवला, पूर्ण रकमेचा, तारीख त्याच दिवसाची. आणि पानावरची एक लाल रेघ दाखवली. ‘पावती?’

पावतीपुस्तक भाऊंकडे नव्हतं. इतक्या वर्षांत कुणी मागितलं नव्हतं, आणि कुणी पूर्ण रक्कम एकदम दिलीही नव्हती. भाच्याला बाजारात पळवलं. तो आला तो गणेशोत्सव मंडळाचं वर्गणी पुस्तक घेऊन. दुकानात दुसरं छापील पुस्तक शिल्लक नव्हतं. भाऊंनी ‘सार्वजनिक गणेशोत्सव’ खोडलं, ‘वर्गणी’ खोडून वर ‘जोतं’ लिहिलं, रक्कम अक्षरी लिहिताना दोनदा थांबले आणि सही केली. वर गणपतीचं चित्र होतं, तेही ते खोडायला निघाले.

‘तो राहू द्या जी,’ बाई म्हणाल्या, ‘पण कार्बन घालून पुन्हा लिहा. तुमच्याकडे पन एक पायजे.’